डोंगरातले बाबा, घरातले बाबा

एका वाचक भगिनीचं पत्र, थोडं आवरून:

"माझे बाबा आठ महिन्यांपूर्वी अचानक गेले. वय ६८. नोकरी आणि संसार सांभाळून त्यांनी एकच वेड जपलं. सुट्टी मिळाली की डोंगर, जंगल, पाणवठे. आणखी चार महिन्यांनी त्यांना जाऊन वर्ष होईल. त्या दिवशी घरचे आणि त्यांचे डोंगरातले सोबती जमणार आहेत. मी दहा मिनिटं बोलायचं आणि एक छोटी पुस्तिकाही काढायची, असं ठरलंय. पण लिहायला बसले की निसर्गप्रेमी, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल याच्या पुढे पेन सरकत नाही. आईला विचारलं तर म्हणाली, 'डोंगरातले बाबा तुम्ही लिहा. त्या डोंगरांनी माझ्या किती सुट्ट्या नेल्या ते कोण लिहिणार?' आणि उठून आत गेली. दादा म्हणतो, आईचं हे पुस्तिकेत नको. बाबांचे बूट, दोर, दुर्बीण, वह्या तशाच कपाटात आहेत. दादाचा सहा वर्षांचा मुलगा दुर्बीण मागतोय. मला कपाट उघडायचा धीर होत नाही. मी स्वतः तेव्हापासून डोंगराकडे फिरकलेली नाही. दुःखाचे पाच टप्पे असतात म्हणे. मी कुठल्या टप्प्यावर आहे तेही समजत नाही. बाबा कसे होते याची कल्पना यावी म्हणून त्यांच्या वहीतल्या तीन नोंदी उतरवून पाठवते."

ताई,

तुमचं पत्र एकदा वाचलं. त्या तीन नोंदी मात्र चारदा वाचल्या. बाबांचं डोंगरवेड मला कळावं म्हणून तुम्ही त्या पाठवल्यात, पण मला त्यांत आणखी एक गोष्ट दिसली, आणि आजचं उत्तर मी तिच्याच आधाराने देणार आहे. बाकीच्या वाचकांसाठी त्या नोंदी इथे देते.

"निघालो ५.१५. धुकं दाट. ओढ्याच्या काठाला खंड्याची जोडी, बिळात ये-जा. परत ४.४०. हिचा ताप उतरलेला."

"दोन्ही पोरं बरोबर. धाकटी दमली, शेवटचा चढ खांद्यावर. वर वारा फार. परत ६.०५. अर्धा तास उशीर."

"एकटाच. मोठ्या झाडाखाली बसून होतो. काही दिसलं नाही. बरं वाटलं. परत १.३०, कबूल केल्याप्रमाणे."

निघाल्याची वेळ एकाच नोंदीत आहे. परतल्याची वेळ तिन्हींत आहे, तीही मिनिटासकट. पाखरं बघणारे लोक पाखरू दिसल्याची वेळ लिहितात. तुमचे बाबा घराचं दार उघडल्याची वेळ लिहीत होते. "अर्धा तास उशीर" असं ते लिहितात. कशाला उशीर? डोंगरात कुणी हजेरी घेत नाही. आणि "कबूल केल्याप्रमाणे" म्हणजे कबूल कुणाला केलं होतं?

रानावनात जाणाऱ्यांचा एक जुना, साधा नियम आहे, तो तुम्हालाही त्यांनीच शिकवला असेल. कुठे चाललो, कुठल्या वाटेने जाणार, किती वाजेपर्यंत येणार हे घरी एका माणसाला सांगून निघायचं. वेळ टळली की त्या माणसाने हालचाल करायची. विजेरी, दोर, औषधांची पिशवी हे सगळं त्यानंतर. तेव्हा तुमच्या आई इतकी वर्षं घरी नुसत्या बसून नव्हत्या. प्रत्येक भटकंतीत एक काम त्यांच्या अंगावर होतं, आणि माझ्या मते ते सगळ्यांत अवघड होतं, कारण त्यात घड्याळ बघण्यापलीकडे करण्यासारखं काहीच नसतं. बाबांना याची जाणीव होती. वही तेच सांगते आहे.

म्हणून डोंगरातले बाबा आणि घरातले बाबा ही वाटणी आधी मोडा. दादाने ती प्रेमापोटी केली, आईंनी दुखावल्यामुळे केली, आणि तुम्ही मधल्या मध्ये अडकलात. तुमचं पेन अडलंय ते शब्द सुचत नाहीत म्हणून नाही. एका माणसाचे दोन तुकडे करून त्यातला एकच मांडायला तुम्ही बसला आहात, म्हणून ते अडलंय.

आईंच्या बोलण्याबद्दल आधी लिहिते, कारण मला तेच सगळ्यांत मोलाचं वाटलं.

जॉर्ज मॅलरी हे नाव तुमच्या बाबांना नक्की ठाऊक असणार. १९२४ साली एव्हरेस्टच्या माथ्याजवळ ते दिसेनासे झाले. त्यांचा देह सापडला १९९९ साली. जगाने त्यांना गिर्यारोहक म्हणून लक्षात ठेवलं, पण ते तीन मुलांचे वडीलही होते. त्यांचा आणि त्यांच्या पत्नी रूथ यांचा पत्रव्यवहार केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजने २०२४ मध्ये सगळ्यांना वाचायला खुला केला. रूथ यांचं १९२४ च्या मार्चमधलं एक पत्र त्यात आहे. त्यात त्या नवऱ्याची माफी मागतात. मी पुष्कळदा तुमच्यावर चिडले, नीट वागले नाही, याचं वाईट वाटतं असं म्हणतात, आणि पुढे त्या चिडण्याचं कारण सांगतात. खोलवर कारण जवळजवळ नेहमी एकच होतं, तुम्ही माझ्या वाट्याला इतके थोडे येता याचं दुःख. शंभर वर्षांनी ते पत्र वाचणाऱ्याला रूथ तक्रारखोर वाटत नाहीत. त्या पत्रामुळेच मॅलरी हा कुणीतरी घरी हवाहवासा वाटणारा माणूस होता हे कळतं.

तुमच्या आई म्हणाल्या ते याहून वेगळं आहे का? "माझ्या किती सुट्ट्या नेल्या" असं जो माणूस नकोसा असतो त्याच्याबद्दल कुणी म्हणत नाही. नकोशा माणसाची सुट्टी बाहेर गेली तर बायको सुटकेचा श्वास टाकते. दादाला वाटतं, हे छापलं तर बाबांना उणेपणा येईल. माझं म्हणणं, हे गाळलं तर पुस्तिकेत बाबांबरोबर चाळीसेक वर्षं राहिलेलं माणूसच राहणार नाही, आणि जमलेल्यांपैकी प्रत्येक शहाण्या बाईला ती रिकामी जागा दिसेल. अर्थात ते आईंच्या परवानगीशिवाय छापायचं नाही. बोलणं त्यांचं आहे, हक्कही त्यांचाच.

आता लिहिण्याकडे येते. माझे वडील पोहणारे होते. नदी, तळं, समुद्र, पाणी दिसलं की कपडे काठावर. त्यांना जाऊन एकवीस वर्षं झाली. त्यांच्यासाठी जमलो तेव्हा मी एक कागद वाचला होता. तो अजून माझ्या खणात आहे. त्यात ते हसतमुख आहेत, कष्टाळू आहेत, परोपकारी आहेत, पण पाण्यात कुठेच नाहीत. बाहेर आल्यावर ते एका पायावर उड्या मारत कानातलं पाणी काढायचे आणि तेवढा वेळ माझ्या खांद्याला धरून राहायचे. त्यांचा तो थंड, ओला, जड हात त्या कागदात नाही. आज मला ते सगळे गुण नकोत, तो हात हवा आहे. तुम्हाला अजून वेळ आहे म्हणून हे सांगते.

गुणांची नावं बाजूला ठेवा आणि क्रियापदं गोळा करा. बाबा काय करायचे? चढावर पुढे चालायचे की मागे? थांबायचे कुठे? पोरांना दम लागला की काय बोलायचे, की काहीच न बोलता बुटाची नाडी बांधायचं निमित्त काढून खाली बसायचे? पाऊस आला तर? वाट चुकली तर कबूल करायचे का? "धाकटी दमली, शेवटचा चढ खांद्यावर" या पाच शब्दांच्या ओळीत कुटुंबवत्सल हा शब्द नाही, आणि तरी त्या शब्दाचं सगळं काम तिथे झालेलं आहे. त्या खांद्यावरून तुम्हाला काय दिसत होतं ते लिहा. त्यांच्या डोक्याचा वास, शर्टाची ओली कॉलर, पायांना धरलेले हात. हे लिहिणारं माणूस जगात तुम्ही एकट्याच आहात. बाबांनी तुम्हाला वाहून नेलं, तुम्हाला त्यांनी उचललेलं आठवतं, आणि या दोन्ही बाजू जुळवायला आता तुमच्याशिवाय कुणी नाही.

बाकीच्यांकडून आठवणी मागवणार असाल, आणि मागवाच, तर एक काळजी घ्या. सगळ्यांना एकत्र बसवून गप्पांतून आठवणी काढायचा मोह होतो. ते नंतर करा. आठवण म्हणजे पेटीत ठेवलेली वस्तू नव्हे. दर वेळी काढताना ती थोडी नव्याने घडते. फ्रेडरिक बार्टलेट या इंग्लिश मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्येच हे दाखवलं होतं. लोक ऐकलेली गोष्ट पुन्हा सांगताना आपल्या ओळखीच्या साच्यात बसवत नेतात, आणि नकळत अनोळखी तपशील गळून पडतात. चारचौघांत हे आणखी जोरात होतं. ज्याचा आवाज मोठा आणि सांगण्याची हातोटी चांगली, त्याची आठवण सगळ्यांची होऊन बसते. आणि जे गळून पडतं ते नेमकं त्या माणसाचं खास काहीतरी असतं. म्हणून प्रत्येकाला आधी एकट्याने एक पान लिहायला सांगा, किंवा फोनवर पाच मिनिटं बोलून ध्वनिमुद्रण पाठवायला सांगा. सगळे मिळून हसणं-रडणं त्यानंतर. दोघांच्या हकिगती जुळल्या नाहीत तर दोन्ही छापा. कुणी खोटं बोलत नसतं.

आणि प्रश्न उलटे विचारा. डोंगरातल्या सोबत्यांना विचारा, बाबा तिकडे घराबद्दल काय बोलायचे? मुक्कामाला रात्री कुणाची आठवण काढायचे? परतताना कुठे पोचलं की चाल वाढायची? घरच्यांना विचारा, डोंगरातलं काय काय घरात यायचं? खिशातून निघणारी पिसं आणि बिया, दाराशी चिखलाचे बूट काढायची जागा, दोरीला मारायची ती विशिष्ट गाठ, रात्री गच्चीवर नेऊन दाखवलेले तारे. सोबत्यांना डोंगराबद्दल विचाराल तर शिखरांची यादी मिळेल. घराबद्दल विचाराल तर माणूस मिळेल.

दहा मिनिटांत सावकाश बोललं तर हजारेक शब्द होतात. एवढ्यात आयुष्य मावत नाही, मावायला नकोच. जन्मसाल, शिक्षण, नोकरी हे पुस्तिकेच्या मागच्या पानावर टाका. बोलताना एकच दिवस घ्या, निघाल्यापासून परतेपर्यंतचा. माझ्या मनात वाऱ्याची नोंद आहे, कारण त्यात तुम्ही आहात, दादा आहे, वर वारा आहे आणि परतल्यावर अर्धा तास वाट बघितलेल्या आई आहेत. चौघंही त्या एका दिवसात येतात. बोलताना गळा दाटला तर थांबा, पाणी प्या, पुढचं वाक्य वाचा. कागद हातात असू दे. पाठ करून बोलायचा हट्ट नको.

आता कपाट. हे काम तुम्ही पुढे ढकलता आहात ते मला समजतं, पण यात काही गोष्टींना वाट बघवत नाही, म्हणून जरा तपशिलात जाते.

बूट: आजच्या बऱ्याच डोंगरी बुटांच्या तळव्यात पॉलियुरेथेन या मऊ प्लॅस्टिकचा थर असतो. हवेतल्या दमटपणाने त्याची आतून झीज होते, आणि गंमत अशी की वापरात नसलेले, बंद खोक्यातले बूट बऱ्याचदा आधी जातात. एक दिवस उचलायला जाल तर तळवा भुसभुशीत होऊन हातात येईल. बाबा गेल्यानंतर असा धक्का मी कुणालाही देऊ इच्छित नाही. आत्ताच बाहेर काढा, कोरड्या ब्रशने झटका, तळव्यांचा जवळून फोटो घ्या. कुठल्या बाजूला जास्त झिजलेत ते बघा. माणसाची चाल तिथे लिहिलेली असते. तळवा पुढे गेलाच तरी चाल तुमच्याकडे राहील. बुटातली माती धुऊन टाकलीच पाहिजे असं नाही, चिमूटभर काचेच्या बाटलीत ठेवली तर कुणाचं काही बिघडत नाही.

दोर: इथे मी भावनेला जागा देणार नाही. चढाईचा दोर नायलॉनचा असतो आणि तो वापरला नाही तरी जुना होतो. बहुतेक उत्पादक दहा वर्षांच्या पुढे न वापरलेला दोरसुद्धा चढाईला घेऊ नका असं सांगतात. बाबांचा आहे म्हणून दादाने किंवा पुढे नातवाने तो कमरेला बांधू नये. हेल्मेट आणि कमरेचे पट्टे यांचंही तेच. वाटलं तर दोराचे हात-हात लांबीचे तुकडे करा आणि प्रत्येक सोबत्याला बाबांची ती गाठ मारून द्या. लांब दोरावर उद्या कुणाचा तरी जीव टांगला जाईल, हातभर तुकड्यावर नाही.

दुर्बीण चामड्याच्या बंद पेटीत असेल तर आजच काढा. दमट, अंधाऱ्या, बंद जागेत भिंगांवर बुरशी धरते आणि ती काचेवरचा लेप खाते. कोरड्या, हवेशीर जागी ठेवा, पेटीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. आणि नातवाला ती द्या. पट्टा गळ्यात अडकवून, कुणी मोठं शेजारी बसून, सूर्याकडे कधीच बघायचं नाही एवढं बजावून द्या. ठेवून दिलेल्या दुर्बिणीतून कुणालाच काही दिसत नाही. जड पडली तर कठड्यावर टेकवून बघेल. भिंगाला बोट लागेल, पुसता येतं.

वह्यांबद्दल विचारते, नोंदी पेन्सिलने लिहिल्यात का? तसं असेल तर बाबांना कळत होतं. पेन्सिलीचं लिखाण म्हणजे कार्बन, ते पाण्याने फुटत नाही आणि उजेडाने विटत नाही. शाईचं तसं नाही. दोन्ही असो, प्रत्येक पानाचा चांगल्या उजेडात फोटो काढून दोन वेगवेगळ्या ठिकाणी जपून ठेवा. पानांना प्लॅस्टिकचं आवरण चिकटवून घेऊ नका, उष्णतेने चिकटवलेलं ते पुन्हा निघत नाही आणि कागदही सोबत नेतं. फाटलं तर चिकटपट्टी नको, ती पिवळी पडून डाग सोडते. सोबत्यांकडून फोटो मागवताना व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. नाहीतर फोटो बारीक होतोच, शिवाय त्याच्या पोटातली तारीख, वेळ आणि ठिकाणाची माहितीही पुसली जाते. आणि बाबांच्या आवाजातले निरोप कुणाच्याही फोनवर असतील तर ते आजच दुसरीकडे उतरवून घ्या. फोन बिघडतात.

वह्यांचं आणखी एक. रॉबर्ट मार्शम नावाचे एक इंग्लिश जमीनदार होते. १७३६ पासून त्यांनी आपल्या भोवतालच्या वसंताच्या खुणा लिहायला घेतल्या. पहिलं फूल कधी उमललं, कुठल्या झाडाला पालवी कधी फुटली, पाखरं कधी परतली. ते गेले, आणि घरच्यांनी ती वही पुढे चालू ठेवली. एका पिढीने दुसरीच्या हाती दिली, अशी १९५८ पर्यंत. दोनशेहून अधिक वर्षांच्या त्या नोंदी आज ऋतू कसे सरकले हे अभ्यासणाऱ्यांना उपयोगी पडतात. मार्शम मंडळींनी कुलपुरुषाची आठवण ठेवली ती अशी, ओळीमागून ओळ लिहून. तुमच्या बाबांच्या नोंदींत तारखा आणि जागा नीट असतील तर ई-बर्डसारख्या, पक्षी पाहिल्याच्या नोंदी गोळा करणाऱ्या संकेतस्थळावर जुन्या नोंदीही त्यांच्या मूळ तारखेने भरता येतात, पक्ष्यांचा अभ्यास करणारे त्या वापरतात. हे बळेच करू नका. पण कोऱ्या उरलेल्या पानांवर कुणीतरी पुढे लिहावं असं मला फार वाटतं. बाबांच्या शेवटच्या नोंदीखाली एक ओळ सोडून.

पाच टप्प्यांचं मनातून काढून टाका. नकार, राग, घासाघीस, खिन्नता आणि स्वीकार असे ते टप्पे. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९६९ मध्ये ते मांडले ते असाध्य आजाराने मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांच्या दुःखाला ते नंतर लावले गेले, आणि लोक शाळेच्या इयत्तांसारखे मोजू लागले. तुमच्यासारख्यांचं दुःख कसं चालतं याचं मला पटणारं वर्णन मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९९ मध्ये केलं. माणूस दोन काठांच्या मध्ये ये-जा करतो. एका काठावर गेलेला माणूस, त्याची ओढ, रडणं. दुसऱ्या काठावर बिलं भरणं, नवी कामं शिकणं, हसणंसुद्धा. एका दिवसात चारदा इकडून तिकडे जाणं हे बिघाडाचं लक्षण नाही, तेच सावरणं आहे. आणि गेलेल्याला सोडून दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, हेही आता कुणी जाणतं माणूस ठामपणे म्हणत नाही. शोकाचे अभ्यासक डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून हे मांडलंय की नातं संपत नाही, रूप बदलतं, आणि बहुतेकांना ते धरून ठेवण्यानेच बळ मिळतं. मनात बाबांशी बोलत असाल तर बोला.

आठ महिने हे फार नाहीत. मात्र वर्ष उलटून गेल्यावरही रोजचं काम जमत नसेल, झोप आणि भूक सावरली नसेल, जगण्यात काही उरलं नाही असं सतत वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. लांबलेल्या शोकावर आज नीट उपचार आहेत. आणि जीव नकोसा वाटला तर वर्षाची वाट बघायची नाही, त्याच दिवशी जवळच्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगायचं. हेच आईंसाठीही. त्यांच्याकडे लक्ष ठेवा, राग हा बऱ्याचदा बाहेरचा पदर असतो.

डोंगरात परत जायचं की नाही? जा, पण त्या दिवसाच्या आधी गेलंच पाहिजे असं काही नाही. बाबांच्या आवडत्या शिखरावर पहिल्यांदाच जाऊ नका. तिथे प्रत्येक वळणावर ते असतील आणि तुम्ही कोसळाल. आधी एखादी सपाट, छोटी वाट घ्या, जिथे ते तुम्हाला कधी घेऊन गेले नव्हते. तासाभरात परत या. निघताना आईंना सांगून निघा, किती वाजता येणार ते. आणि त्या वेळेला या.

राहिल्या आई. त्यांना लिहायला सांगू नका, "तुमच्या आठवणी सांगा" असंही म्हणू नका, त्या पुन्हा उठून आत जातील. संध्याकाळी, घरात दोघीच असताना, वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. पाखरांचा भाग वाचू नका. फक्त परतीच्या वेळा वाचा, तारखेसकट, एकामागून एक. "परत ६.०५. अर्धा तास उशीर." आणि गप्प बसा. बाबा इतकी वर्षं ही वेळ लिहून ठेवत होते हे आईंना ठाऊक आहे की नाही, मला सांगता येणार नाही. माझा अंदाज आहे, नसावं. त्या जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या, आणि त्या हो म्हणाल्या तर पुस्तिकेत डाव्या पानावर बाबांची नोंद आणि उजव्या पानावर त्याच दिवसाची आईंची बाजू, असं छापा. दादाला तेव्हा विचारा, हे नको का.

सुरुवात तापाच्या नोंदीने करा. त्या दिवशी बाबा ४.४० ला परतले. एरवी किती वाजायचे, ते आईच सांगतील.